तासभर चालून बंद पडणारी गाडी: क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर आणि कॉइल कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. २०१७ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं, सोबत टायमिंग ॲडव्हान्सर (गॅसवर ठिणगी थोडी आधी पाडणारी पेटी). गेले दोन महिने गाडी तासभर चालली की चावी काढल्यासारखी एकदम बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. शिवाय गॅसवर खंबाटकी चढताना झटके खाते, पेट्रोलवर तेवढी नाही. स्कॅनरवर पी०३३५, पी००१६ आणि पी०३०२ असे तीन कोड आले. गॅरेजमध्ये क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर आणि दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारा भाग) बदलली. आठ दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलायला सांगत आहेत. बदलावा का?

आत्ता नाही. ईसीएम कधीच खराब होत नाही असं मी म्हणणार नाही, पण २६ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करताना 'ईसीएम गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्या वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) नाहीतर अर्थिंग नीट करून परत गेल्या. ईसीएमवर बोट ठेवायचं ते सगळ्यात शेवटी, बाकी प्रत्येक वाट मोजून झाल्यावर.

तुमच्या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटली ती एकच गोष्ट: 'आठ दिवस छान चालली.' जुना सेन्सर खराब असता, तर नव्याने दोष कायमचा गेला असता. मग आठ दिवसांपुरता तो गेला कशाने? सेन्सर बदलताना कपलर काढून परत लावला गेला, पिना एकमेकींवर घासल्या, वायर जागची हलली, कोड पुसले गेले. यातल्या कशाने तरी सुटलेला संपर्क तात्पुरता जुळला असणार. म्हणजे माझा संशय सेन्सरवर कमी आणि सेन्सर ते ईसीएम या वाटेवर जास्त आहे. तुमच्या गाडीत त्या वाटेवर कंपनीने न बसवलेली एक पेटी आहे, ती म्हणजे ॲडव्हान्सर. तिच्याकडे येतोच. पण सेन्सर काय सांगतो हे समजल्याशिवाय ती पेटी काय बिघडवते ते कळणार नाही.

क्रँकशाफ्टवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर), म्हणजे फ्लायव्हीलपाशी किंवा पुलीपाशी, दात असलेली एक चकती फिरते. पुष्कळ गाड्यांत ती ६० दातांच्या मापाची असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात ५८. एका दाताला ६ अंश. समोर साधारण एक मिलिमीटरच्या फटीवर सेन्सर बसलेला असतो. दात पुढून गेला की एक ठोका आणि गाळलेल्या दातांची जागा आली की क्षणभर शांतता. त्या शांततेवरून ईसीएमला कळतं की क्रँक आत्ता अमुक अंशावर आहे. सेल मारताना इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला जवळजवळ १९३ ठोके येतात. ३००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. ठिणगी कधी टाकायची, इंजेक्टर कधी उघडायचा, हे सगळं या ठोक्यांवर मोजलं जातं. हे ठोके थांबले की ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलं. मग तो ठिणगीही बंद करतो, इंजेक्टरही आणि सेकंद-दोन सेकंदांत पेट्रोल पंपही. चावी काढल्यासारखी गाडी बंद पडते ती याच कारणाने.

कॅम सेन्सरचं काम वेगळं. चार स्ट्रोकचं एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात, म्हणजे ७२० अंश. एक नंबरचा पिस्टन वर आलाय एवढं क्रँक सेन्सरवरून कळतं, पण तो कॉम्प्रेशनला वर आलाय की एक्झॉस्टला, ते कळत नाही. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो, म्हणून ते तो सांगतो. कॅम सेन्सर गेला तरी बऱ्याच गाड्या चालत राहतात, फक्त सेल जास्त वेळ मारावा लागतो. क्रँक सेन्सर गेला तर बहुतेक गाड्या जागेवर उभ्या राहतात. म्हणून 'तासाभराने एकदम बंद' या तक्रारीत कॅम सेन्सर बदलायचं कारण मला दिसत नाही. तो बदलला गेला पी००१६ कोडमुळे, आणि तिथेच चूक झाली.

कोड वाचण्याबद्दल इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पी०३३५ चा अर्थ 'क्रँक सेन्सर खराब' असा नाही. त्याचा अर्थ 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून मला नीट सिग्नल मिळत नाही' एवढाच. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन किंवा तीन वायरी, दोन्ही टोकांचे कपलर, मधला प्रत्येक जोड, दातांची चकती आणि ईसीएम. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांनी सांगितलेल्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही सेन्सर आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि टायमिंग चेन ताणलेली असते, तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडलेला असतो, नाहीतर चेन एका दाताने सरकलेली असते. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, तो मधूनमधून पेटत नाही. कॉइल गेली असं तो कोड म्हणत नाही. कॉइलच्या सर्किटचे कोड पी०३५१ पासून सुरू होतात आणि ते तुमच्याकडे आलेले नाहीत.

मिसिंग झालं हे ईसीएमला कळतं तेही क्रँक सेन्सरकडूनच. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला किंचित ढकल मिळते, वेग सूक्ष्म वाढतो. एखादा पेटला नाही तर त्याच्या वाट्याच्या अंशांत दात थोडे उशिरा येतात आणि ईसीएम ते मोजतो. म्हणून क्रँकचा सिग्नलच अडखळत असेल, तर नसलेलं मिसिंगसुद्धा नोंदवलं जाऊ शकतं. तुमच्या तीन कोडमध्ये मी म्हणूनच आधी क्रँकची वाट साफ करणार आणि मग कॉइलकडे वळणार. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात आणि दोष राहतो.

आता ॲडव्हान्सर. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडली तर गाडी गॅसवर बरी ओढते. बाहेरून बसवलेला ॲडव्हान्सर हे कसं साधतो? क्रँक सेन्सरची वायर कापून मध्ये बसतो, खरे ठोके स्वतः घेतो आणि काही अंश पुढे सरकवलेले ठोके ईसीएमला देतो. म्हणजे ईसीएमला जो क्रँक दिसतो, तो या पेटीने दाखवलेला असतो. पेटी तापली आणि आतला एखादा सोल्डर सुटला, की सिग्नल गेला. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड तापून सैल झाला, तरी सिग्नल गेला. शिवाय पेटी फक्त क्रँकचा सिग्नल सरकवत असेल आणि कॅमचा जागेवरच ठेवत असेल, तर ईसीएमला दोन्हींत फरक दिसणारच. तुमचा पी००१६ तिथून आलेला असू शकतो. चेन उघडण्याआधी ही शक्यता संपवा. ती संपवायला खर्च जवळपास नाही.

कसं संपवायचं? किट बसवणाऱ्याने कपलरवाला हार्नेस वापरला असेल, तर ॲडव्हान्सरचा कपलर काढून त्याच्यासोबत येणारा बायपास कपलर लावा. वायर कापून जोडलेली असेल, तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पेटी पूर्ण बाजूला काढून मूळ वायरी सोल्डर करून, त्यावर हीट श्रिंक नळी चढवून घ्या. नुसती पिळून टेप लावू देऊ नका. दोन वायरींचा सेन्सर असेल तर सोल्डर करताना दोघींची अदलाबदल होता कामा नये. ती उलटी लागली तरी गाडी कधीकधी चालू होते, पण सिग्नल उलटा होतो, गाळलेल्या दातांची जागा चुकीच्या क्षणी वाचली जाते आणि वेग वाढला की गाडी फटके मारते. कोड पुसा आणि आठ-दहा दिवस त्याच रस्त्याने, तेवढाच वेळ गाडी चालवा. गॅसवर थोडी जड वाटेल, ते चालेल.

यात गाडी बंद पडायची थांबली आणि पी००१६ परत आला नाही, तर दोष सापडला. नाही थांबली, तर पुढे वाचा.

गाडी बंद पडते तो क्षण म्हणजे आयता पुरावा असतो आणि बहुतेक लोक तो वाया घालवतात. पुढच्या वेळी बंद पडताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय, तरीही काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँकचा सिग्नल तुटला. काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला, तर सिग्नल शाबूत आहे. पेट्रोल, गॅस किंवा कॉइलचा पुरवठा बघायला हवा. हे बघण्यासाठी घाटात प्रयोग करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. सरळ, मोकळा रस्ता असेल आणि शेजारी कोणी असेल तर त्याला काटा बघायला सांगा.

बाजूला थांबल्यावर चावी ऑन करा, सेल मारू नका. चेक लाइट लागतो का? लागत नसेल तर ईसीएमलाच वीज नाही. मेन रिले, फ्यूज किंवा चावीचा स्विच हे तीन संशयित आणि क्रँक सेन्सर निर्दोष. लागत असेल तर मोबाइलला जोडणारा साधा ओबीडी स्कॅनर लावून सेल मारा आणि आरपीएमचा आकडा बघा. १५० ते २५० च्या आसपास स्थिर दिसला, तर सिग्नल येतोय. शून्य दिसला किंवा उड्या मारत राहिला, तर येत नाही. हा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो. क्रँक सेन्सरच्या तक्रारीत मला याहून उपयोगी तपासणी माहीत नाही. एक काळजी घ्या: बॅटरी अशक्त असेल आणि सेल मारताना ती साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर इंजिन इतकं हळू फिरतं की चांगल्या सेन्सरचाही सिग्नल पुरेसा मोठा होत नाही. अशा गाड्यांना सेन्सर बदलून काही होत नाही, बॅटरी बदलून होतं.

आता मीटर लावायची वेळ. आधी सेन्सरला किती वायरी आहेत ते मोजा.

दोन वायरी असतील (तिसरी कधीकधी फक्त शील्डची असते) तर आत चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व: चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. याला बाहेरून वीज लागत नाही, हा स्वतः वीज तयार करतो. कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेकांत ५०० ते १२०० च्या दरम्यान आकडा मिळतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. मग प्रत्येक पिन ते सेन्सरची बॉडी मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर लावून सेल मारा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं पाहिजे आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं ते वाढलं पाहिजे.

एक चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. थंड इंजिनावर ९०० ओहम दाखवणारा सेन्सर गरम झाल्यावर ११५० दाखवतो आणि 'वाढला, म्हणजे खराब' म्हणून फेकला जातो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतोच, दर १० अंशांना सुमारे ४ टक्के. २५ अंशांवरचा ९०० चा आकडा १०० अंशांवर साडेअकराशेच्या पुढे जाणं अगदी बरोबर आहे. खराब सेन्सर गरम झाल्यावर अनंत दाखवतो, नाहीतर आकडा एका जागी ठरत नाही.

तीन वायरी असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर. १८७९ मध्ये एडविन हॉल याने शोधलेल्या परिणामावर हा चालतो आणि आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. याचा ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही. कपलर काढून, चावी ऑन ठेवून गाडीच्या बाजूला मोजा: एका वायरीवर ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा, दुसरी पक्की अर्थ, तिसरीवर ईसीएमने पाठवलेले साधारण ५ व्होल्ट. हे तीनही मिळाले तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही बऱ्यापैकी ठीक आहेत. मग कपलर जोडा, मागून बारीक पिन लावून सिग्नलच्या वायरीवर बघत इंजिन पान्याने हळूहळू फिरवा. व्होल्टेज वर-खाली, वर-खाली झालं पाहिजे. कॅम सेन्सर पुष्कळ गाड्यांत याच जातीचा असतो, त्यालाही हीच पद्धत. पुरवठ्याचे ५ व्होल्ट बऱ्याच सेन्सरना एकाच वाटेने जातात. त्यातला एखादा शॉर्ट झाला तरी क्रँकचा कोड येऊ शकतो, म्हणून पुरवठा नसेल तर बाकीचे सेन्सर एकेक करून काढून बघा.

आता वायर. २००९ च्या सुमारास एका टुरिस्ट गाडीचा क्रँक सेन्सर मी दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा गाडी आठवड्याभरात परत आली. तिसऱ्या वेळी एक्झॉस्टजवळच्या क्लिपखाली वायर सापडली. वरचं रबर अखंड, आतली तार तुटलेली, एकच केस टिकलेला. इंजिन थंड असताना तो केस टेकायचा, गरम झाला की सुटायचा. मीटरवर ती वायर प्रत्येक वेळी चांगली दिसली होती, कारण मीटरला दाखवण्याइतकी वीज एका केसातूनही जाते. मालकाचे सेन्सरचे पैसे मी परत केले. त्या दिवसापासून मी वायर मीटरने तपासून पास करत नाही. ईसीएमचा आणि सेन्सरचा, दोन्ही कपलर काढायचे (ईसीएमचा काढल्याशिवाय हे अजिबात करू नका), मग त्या वायरीतून बॅटरीची वीज देऊन इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. पूर्ण तेजाने लागला तर वायर शाबूत. मंद लागला तर आत तुटलेली आहे. बल्ब लागलेला असताना वायर टोकापासून टोकापर्यंत हलवत, वाकवत जा. जिथे बल्ब मिचकावेल तिथे दोष.

पिनाही बघा. मादी पिन सैल झाली असेल तर पुरुष पिन आत अलगद शिरते, घट्टपणा जाणवत नाही. पावसाळ्यात हिरवा थर धरतो. उंदरांनी कुरतडलेली वायर तर पावसाळ्यात दर आठवड्याला एक तरी येते. सेन्सरच्या टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असेल तर पुसून काढा. आणि गेल्या काही महिन्यांत क्लचचं काम झालं असेल तर ते जरूर सांगा, कारण गिअरबॉक्स उतरवताना सेन्सरला किंवा दातांच्या चकतीला ठोकर लागलेली मी पाहिली आहे.

सेन्सर गरमीने जातोय का हे ठरवायला हेअर ड्रायर पुरतो. थंड गाडी चालू ठेवून फक्त सेन्सरवर गरम हवा सोडा. बंद पडली, तर ओल्या फडक्याने सेन्सर गार करा. लगेच चालू झाली, तर तिथेच दोष आहे. असाच ड्रायर ॲडव्हान्सरच्या पेटीवरही धरून बघा, काढण्याआधी. त्यावर गाडी बंद पडली तर बाकी काहीच करायची गरज उरणार नाही.

क्रँकची वाट साफ झाली की मग घाटातले झटके. ही वेगळी तक्रार आहे असं मला वाटतं, दोन दोष एका गाडीत असू शकतात. पेट्रोलवर बरी, गॅसवर झटके, तेही चढावर आणि जास्त ॲक्सिलरेटरला: इग्निशन अशक्त झाल्याचं याहून स्पष्ट लक्षण मला माहीत नाही. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. चढावर पूर्ण हवा भरते, दाब सर्वांत जास्त असतो. त्यात गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीची ठिणगी लागते. सपाट रस्त्यावर जी कॉइल कसंबसं निभावते, ती खंबाटकीला उघडी पडते.

कॉइल म्हणजे दोन वेटोळी. पहिल्या, जाड तारेच्या वेटोळ्यातून ईसीएम दोन-चार मिलिसेकंद वीज सोडतो. ती सहा ते दहा अँपिअरपर्यंत चढते आणि नेमक्या क्षणी तोडली जाते. चुंबकीय क्षेत्र कोसळतं, पहिल्या वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्टचा झटका येतो आणि हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात २० ते ४० हजार व्होल्ट तयार होतात. आमच्या उस्तादांच्या काळात हे तोडायचं काम पॉइंट करायचा आणि वाटून द्यायचं काम 'डेल्को'. तो शब्द मुळात चार्ल्स केटरिंगच्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव, त्यांची बॅटरीवरची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकवर आली. डेल्को गेला, पॉइंट गेला, कॉइल तीच राहिली, फक्त प्रत्येक प्लगच्या डोक्यावर जाऊन बसली.

हिशेब करा. सरासरी ताशी ४० किलोमीटर आणि २००० आरपीएम धरलं, तर १ लाख १० हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक प्लगवर १६ कोटींहून जास्त ठिणग्या पडल्या. प्लगचं टोक त्यात झिजतं आणि फट वाढते. फट वाढली की कॉइलला जास्त व्होल्टेज चढवावं लागतं, तिचं इन्सुलेशन ताणलं जातं आणि एक दिवस वीज फटीऐवजी रबरी बुटातून किंवा चिनी मातीवरून उतरायला लागते. म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणजे नव्या कॉइललाही त्याच वाटेला लावणं. तुमच्या प्रश्नात प्लग बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. मला ते खटकलं.

आधी चारही प्लग काढून रांगेत ठेवा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर वीज तिथून उतरते आहे. तो प्लग आणि त्यावरचा बूट दोन्ही बदला, एकच बदलला तर रेघ दुसऱ्यावर परत उमटते. प्लगच्या विहिरीत पाणी किंवा ऑइल आहे का बघा. ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलचं काम आहे, ते आधी. इंजिन प्रेशरने धुतल्यावर मिसिंग सुरू झालं असेल तर बहुतेक वेळा विहिरीतलं पाणीच कारण असतं. गॅसवर चालणाऱ्या गाडीत मी फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतो, पेट्रोलवाल्या गाडीत कंपनी १.० ते १.१ देत असली तरी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सीएनजीसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

मग अदलाबदल. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड पुसून घाट चढा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी, तुम्ही नवी घातलेली असली तरी. पी०३०२ च आला तर कॉइल सुटली. मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. फक्त गॅसवर असेल तर गॅसचा इंजेक्टर. शेवटी कॉम्प्रेशन आणि टॅपेट. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटची फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि तो दोष कितीही कॉइल बदलल्या तरी जात नाही.

मीटरने कॉइल तपासण्यावर फार विसंबू नका. दोन पिनांच्या कॉइलमध्ये पहिल्या वेटोळ्याचा रोध अर्ध्या-एक ओहमच्या आसपास असतो आणि मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो, दोन्ही टोकं एकत्र टेकवून तो आधी वजा करा. दुसऱ्या वेटोळ्यात बऱ्याचदा डायोड असतो, त्यामुळे चांगली कॉइलही मीटरवर तुटलेली दिसते. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आतच असतो, तिथे ओहम मोजण्यात अर्थ नाही. तिथे १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सेल मारताना येणारी ट्रिगरची नाडी बघा. ती नाडी ५ व्होल्टची असते, तिच्यावर बल्बचा टेस्टर लावू नका, एलईडीचा लावा. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आणि अँपिअर क्लॅम्प आहे त्यांनी कॉइलचा करंट बघावा: तो करवतीच्या दातासारखा तिरका चढला पाहिजे. सुरुवातीलाच उभा उडाला तर आतले वेढे शॉर्ट झालेले आहेत. हे मीटर कधीच दाखवणार नाही.

प्लग उघडा धरून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा. मोकळ्या हवेत अशक्त कॉइलही निळी ठिणगी दाखवते. फट जुळवता येणारा स्पार्क टेस्टर घ्या. ठिणगी बघताना त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढून ठेवा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. चेक लाइट लुकलुकत असेल तेव्हाही हेच चाललेलं असतं, अशी गाडी दामटू नका. आणि कॉइलच्या वायरीला हात लावून झटका बघण्याचा प्रयोग कोणीही करू नये. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या जवळही वाकू नये.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. उद्या गाडी थंड असताना ॲडव्हान्सर बायपास करा आणि कोड पुसा. चार नवे प्लग, फट मोजून. मग दहा दिवस चालवा आणि स्कॅनर गाडीतच ठेवा. बंद पडलीच तर काटा, चेक लाइट आणि सेल मारतानाचा आरपीएम, या तीन गोष्टी लिहून कळवा. त्यावरून मी सांगू शकेन की बल्ब घेऊन वायरीच्या मागे लागायचं की रिलेच्या. ॲडव्हान्सर काढूनही पी००१६ परत आला, तरच चेन उघडायला लावा.

आणि गॅरेजमधून तुमचे जुने क्रँक आणि कॅम सेन्सर मागून घ्या. तुमच्या पैशाने बदललेले आहेत, ते तुमचेच. क्रँक सेन्सर दोन वायरींचा असेल तर ओहम मोजा, ड्रायरने तापवून परत मोजा. आकडा नीट चढला आणि कुठे तुटला नाही, तर तो चांगला आहे. पुसून, फडक्यात गुंडाळून, दहा नंबरच्या पान्यासह डिकीत ठेवा.